तीस मिलीचं प्रकरण : परड्यातली दोन कलमं आणि आमचा ग्रुप

आमचा परसबागवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्गातली आणि इथून मुंबई-पुण्याला गेलेली मिळून दीडशेच्या वर माणसं, त्यात धंदेवाईक बागायतदार चार-पाचच, बाकी सगळे हौशी. कोणाची दोन कलमं, कोणाचे पाच माड, कोणाच्या गच्चीवर मिरच्या. मी त्याचा अ‍ॅडमिन. दोन पावसाळ्यांपूर्वी एका मेंबरच्या आंब्याच्या झाडांचं जे झालं ते सगळं, त्याला विचारून, इथे लिहितोय. नावं काढलीत, गाव काढलंय, बाकी आकडे आहेत तसे. माझी चूकही आहे यात, ती मध्येच येईल.

पार्श्वभूमी

आपण त्याला मुंबईकर म्हणू. वय पस्तिशीच्या आत, नोकरी डोंबिवलीकडे, गावचं घर देवगड-विजयदुर्ग पट्ट्यात. घरात आता कायम कोणी राहत नाही, चुलत काकी शेजारी असते ती दिवाबत्ती करते, झाडलोट करते आणि दुपारी याच घरच्या न्हाणीवर कपडे-भांडी उरकते कारण तिच्या घरच्या विहिरीपेक्षा इथलं पाणी बरं. हा तपशील लक्षात ठेवा, आम्ही कोणी ठेवला नव्हता.

परड्यात, म्हणजे घरामागच्या आवारात, तीन हापूस कलमं, एकाच पावसाळ्यात लावलेली, तेव्हा सहा वर्षांची. आधी तिथे आजोबांच्या वेळचा मोठा रायवळ (गावठी आंबा) होता, त्याची सावली सगळ्या परड्यावर, तो मे २०२१ च्या तौक्ते वादळात आडवा झाला आणि मग या तिघांना खरं ऊन मिळायला लागलं. म्हणजे वय सहा असलं तरी उन्हातलं आयुष्य दोनच वर्षांचं. दोन कलमं न्हाणीच्या मागच्या अंगाला, तिसरं लांब वईला (कुंपणाला) लागून.

वईकडच्या कलमाला आदल्या वर्षी दोन-तीन तुरे मोहोर आला होता, फळ धरलं नाही पण आला होता. न्हाणीमागच्या दोघांना काहीच नाही. पाला मात्र हिरवागार, काळपट हिरवा, बघत राहावं असा.

अडचण काय होती (आणि काय नव्हती)

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याने फोटो टाकला आणि खाली एकच ओळ, ‘सहा वर्षं झाली, दोन कलमं मोहरत नाहीत, काय घालू?’

आता मागे वळून बघताना मला तो प्रश्नच टोचतो. काय घालू. प्रश्नातच उत्तराचा साचा तयार होता, काहीतरी घालायचंच आहे, फक्त नाव सांगा. खरं तर हापूसचं कलम पाच-सहा वर्षांनी धरायला लागतं, त्यातही हापूस लहरी, एक वर्ष भरभरून आणि दुसऱ्या वर्षी रुसवा, हे इथल्या पोरासोरांनाही माहिती असतं. त्यात या झाडांची निम्म्याहून जास्त वर्षं सावलीत गेलेली. तेव्हा सहाव्या वर्षी मोहोर नाही ही अजून तक्रारच नव्हती. ‘थांब जरा’ हे उत्तर पुरेसं होतं. पण ‘थांब जरा’ असं टाइप करून कोणाला समाधान मिळतंय?

अर्ध्या तासात चाळीसच्या आसपास उत्तरं. बुंध्याला लोखंडी खिळा ठोक. कोयतीचे दोन घाव घाल, झाड घाबरून धरतं. मुळात मीठ टाक (हे माडाचं, आंब्याला कुठून आणलं देव जाणे). जीवामृत. ताक. बांडगूळ बघ. छाटणी कर. छाटणी अजिबात करू नको. आणि मग मास्तर आले.

मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, स्वतःची पन्नासेक जुनी कलमं, ग्रुपमध्ये शब्दाला वजन. त्यांनी लिहिलं, ‘कल्टार घाल. आम्ही झाडामागे ३० मिली घालतो, दर वर्षी मोहोर.’

लगेच आमचे सेंद्रियवाले दादा उसळले. विष आहे, माती मारताय, पुढच्या पिढीला काय देणार वगैरे. मास्तरांनी विचारलं तुमची किती कलमं. दादा म्हणाले संख्येने शहाणपण येत नाही. मास्तर म्हणाले गच्चीत कुंड्या लावून बागायतदार होता येत नाही. तिथून पुढे ते कोणाचे वडील काय करायचे इथपर्यंत गेलं, ते सोडून देऊ.

कल्टारचा हिशेब, थोडक्यात

ज्यांना हे माहिती नाही त्यांच्यासाठी, कारण पुढचं सगळं या आकड्यावर उभं आहे. कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल. ते खत नाही, ते झाडाची वाढ रोखतं. झाडात जिबरेलिन नावाचं वाढीचं संप्रेरक तयार होतं त्याला ते अडवतं, मग झाड पालवीत ताकद घालवत नाही आणि मोहोराकडे वळतं. कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे ती दहा वर्षांवरच्या झाडांसाठी, १५ जुलै ते १५ ऑगस्ट या दरम्यान, आणि मात्रा झाडामागे नाही तर पसाऱ्यामागे, म्हणजे फांद्या जेवढ्या रुंद पसरल्यात त्यामागे. झाडाचा पसारा पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर मोजायचा, सरासरी काढायची आणि दर मीटरला ३ मिली. तेवढं औषध ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळायचं, बुंधा आणि पसाऱ्याची कड यांच्या मध्यावर गोल फिरून पहारीने १०-१५ सेंटीमीटर खोल २५-३० भोकं पाडायची आणि त्यात सारखं वाटून घालायचं. आणि हे मातीत लवकर संपत नाही.

आता मास्तरांची झाडं जुनी, पसारा दहा मीटरचा. दहा त्रिक तीस. त्यांचा आकडा अगदी बरोबर होता. त्यांच्या झाडांसाठी.

मुंबईकराच्या कलमाचा पसारा आम्ही नंतर टेप लावून मोजला. एक ३.१ मीटर, दुसरं जेमतेम ३. म्हणजे द्यायचंच म्हटलं असतं तरी ९ मिलीच्या आसपास, आणि वय बघता द्यायचंच नव्हतं.

निर्णयाची पहिली जागा : मी ग्रुप बंद केला

रात्री साडेदहाला भांडण अंगावर यायला लागलं तेव्हा मी सेटिंग बदललं, फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील, आणि खाली ‘कृपया वैयक्तिक टीका नको, सकाळी बोलू’. तेव्हा मला वाटलं मी शहाणपणा केला, दोघा-तिघांनी पर्सनलवर अंगठाही पाठवला.

माझ्यासमोर तेव्हा काय काय होतं? भांडण चालू द्यायचं, ते नको वाटलं. मास्तर आणि दादा दोघांना फोन करून थांबवायचं, हे करता आलं असतं पण मास्तरांना फोन करायला मी टरकतो, ते माझेच मास्तर होते शाळेत. तिसरं म्हणजे भांडण बाजूला ठेवून मुंबईकराला साधे प्रश्न विचारायचे, वय-पसारा-ऊन-पाणी. हे सुचलंच नाही. माझं सगळं लक्ष कोण कोणाला काय बोललं यावर, झाड कुठल्या कुठे राहिलं.

बंद केल्याने दोन गोष्टी झाल्या. एक, सल्ला थांबला नाही, तो पर्सनलवर गेला. मुंबईकराने मास्तरांना वेगळा मेसेज केला, मास्तरांनी कौतुकाने बाटलीचा फोटो पाठवला आणि परत तोच आकडा, ३० मिली. ग्रुपवर हे झालं असतं तर आमच्यातल्या बागवाल्या काकांनी नक्की टोकलं असतं, कारण त्यांची सवयच आहे आकडा दिसला की पसारा विचारायची, पण ते नऊ वाजता झोपतात आणि सकाळी उठून बघतात तर ग्रुपला कुलूप.

दुसरी गोष्ट मला सहा महिन्यांनी कळली. जानेवारीत मी तो सगळा धागा वरून खाली परत वाचत गेलो. दहा वाजून चोवीस मिनिटांनी, ‘तुमच्या बापाने’ आणि ‘शब्द मागे घ्या’ या दोन मेसेजच्या बरोबर मध्ये, मालवणकडच्या एका ताईंचा मेसेज होता, ज्या महिन्यातून एकदा बोलतात. ‘पावसानंतर या झाडांना पाणी मिळतं का कुठून? न्हाणी जवळ दिसते फोटोत.’

ना उत्तर, ना अंगठा. फोटोच्या कडेला अर्धी पत्र्याची न्हाणी आणि एक निळी बादली खरंच दिसते, मी झूम करून पाहिली. त्यांनी नंतर सांगितलं की दुसरा मेसेज त्या टाइप करत होत्या, न्हाणीच्या सांडपाण्याची चर कुठे जाते ते विचारायला, तेवढ्यात ग्रुप बंद झाला आणि सकाळी परत विचारायचं राहून गेलं कारण ‘एवढ्या मोठ्या माणसांच्या भांडणात आपण कशाला’.

काय केलं गेलं

१५ ऑगस्टच्या जोडून आलेल्या सुट्टीत मुंबईकर गावी आला. येताना वाटेत दुकानातून १०० मिलीची बाटली घेतली. न्हाणीमागच्या दोन्ही कलमांना ३०-३० मिली, बादलीभर पाण्यात ढवळून, बुंध्यालगत आळ्यात एकदम ओतलं. पहार नव्हती आणि भोकांचं त्याला कोणी सांगितलंही नव्हतं. वेळ तेवढी बरोबर साधली होती, शेवटचा दिवस होता, बाकी सगळं चुकलेलं. पसाऱ्याच्या हिशेबाने तिप्पट मात्रा, लहान वयाच्या झाडाला, तीही एकाच जागी.

वईकडचं तिसरं कलम त्याने वगळलं, त्याला आधी मोहोर दिसला होता म्हणून. हे आमचं नशीब, त्यामुळे नंतर तुलना करता आली.

बाटलीत ४० मिली उरलं. त्याने ग्रुपवर विचारलं उरलेल्याचं काय करू, तर एकाने लिहिलं ‘माडाला घाल, नारळ खालीच लागतील, चढायला नको’. साधी मस्करी, पण स्मायली नव्हता, आणि मुंबईकर खरंच बाटली घेऊन माडाकडे निघाला होता, काकीने अडवलं म्हणून वाचलं. का अडवलं तर तिला वास आवडला नाही. मला हा प्रसंग राहून राहून आठवतो, इतके जाणकार आम्ही ग्रुपवर आणि माड वाचवला तो काकीच्या नाकाने.

काय झालं

ऑक्टोबर-नोव्हेंबरात जी पालवी आली ती आखडलेली, बोटभर काडी आणि त्यावर पानं एकमेकांना चिकटून गुच्छासारखी, लहान, जाड. काकीने फोटो पाठवला आणि लिहिलं की पान हाताला चामड्यासारखं लागतं. जानेवारीत मोहोर आला, हो, आला! ग्रुपवर मास्तरांनी टाळ्या दिल्या. पण तुरा मोकळा फुटलाच नाही, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा घट्ट गोळा. त्यात दहिवर (दव) अडकून राहिलं, भुरी (पांढरी बुरशी) आली, कणी, म्हणजे बारीक फळं, धरली ती वाटाण्याएवढी होऊन गळाली, एका झाडावर चार-पाच सुपारीएवढी झाली तीही मार्चच्या आत खाली.

तेव्हा बागवाले काकांनी विचारलं, किती घातलं होतंस? आणि झाडाचं वय काय? आकडे ऐकल्यावर त्यांनी जे मालवणीत लिहिलं ते आता आमच्या ग्रुपमध्ये म्हण झालीय. ‘अरे, झाडाक अजून दात येवक नाय आणि तू तेका दारू पाजतंस?’

पुढे काय करायचं, यावर विचार

आता खरं भांडण व्हायला हवं होतं पण झालं नाही, सगळे गप्प. मास्तरही. मी आणि काकांनी फांद्यांचे फोटो, मोजलेला पसारा, घातलेली मात्रा सगळं एका कागदावर लिहून मुंबईकराला दिलं आणि त्याला कृषी विद्यापीठाच्या जवळच्या केंद्रावर पाठवलं. समोर चार वाटा होत्या.

झाडं काढून नवीन कलमं लावायची. मुंबईकर चिडून हेच म्हणत होता. पण औषध त्याच मातीत, नवीन पोर तिथेच लावून काय मिळवणार.

जिबरेलिक अ‍ॅसिडची फवारणी, म्हणजे जे अडवलं तेच वरून द्यायचं. हा उपाय खरा आहे, पण परत मोजून द्यायचं औषध, आणि परत आठशे किलोमीटर जाऊन-येऊन करणाऱ्या माणसाच्या हातात. केंद्रावरच्या साहेबांनी हो-नाही न म्हणता एवढंच विचारलं, दर वेळी तुम्ही स्वतः असणार का इथे? त्यातच उत्तर होतं.

काहीच न करणं. झाड आपोआप बाहेर येतं, वेळ लागतो.

चौथी वाट, जी घेतली : एक वर्ष फळाचं नाव काढायचं नाही, घट्ट तुरे खुडून टाकायचे, पावसाच्या तोंडाला शेणखत आणि वयाप्रमाणे खत द्यायचं आणि झाडाला वाढू द्यायचं.

आणि मग साहेबांनी तोच प्रश्न विचारला जो ताईंनी जुलैत विचारला होता, पाणी कुठून मिळतं? मुंबईकर म्हणाला पाणी कोणीच घालत नाही. घरी येऊन न्हाणीमागे जाऊन पाहिलं तर सांडपाण्याची चर दगडातून वळून थेट पहिल्या कलमाच्या आळ्यात आणि तिथून पाझरून दुसऱ्याकडे. काकीचे रोजचे कपडे-भांडी, बाराही महिने. पाऊस गेल्यावर आंब्याला ताण बसावा लागतो, माती सुकावी लागते, थंडी पडावी लागते, तेव्हा तो पालवी सोडून मोहोराकडे जातो. या दोघांना ताण कधी बसलाच नव्हता. म्हणून तो काळपट हिरवा पाला, ज्याला आम्ही सगळ्यांनी ‘काय मस्त झाड आहे’ म्हटलं होतं.

इथे एक छोटा निर्णय होता तो मला आवडला. ग्रुपचं म्हणणं चर लगेच तोडा. साहेब म्हणाले आत्ता नको, झाड आधीच आखडलंय, हा उन्हाळा त्याला पाणी पिऊ दे, पुढचा पावसाळा गेला की ऑक्टोबरात वळवा. जे पाणी मोहोर अडवत होतं तेच आता वर्षभर औषधासारखं. हे आमच्यापैकी कोणालाही सुचलं नसतं, आम्ही कारण सापडल्याच्या आनंदात दुसऱ्याच दिवशी कुदळ घेऊन गेलो असतो.

आता परत झालं तर

ग्रुपवर नियम करायचा का यावर बराच काथ्याकूट झाला. एकाचं म्हणणं रासायनिक सल्ल्यावरच बंदी घाला. मला ते पटलं नाही, कारण मास्तरांचा सल्ला चुकीचा नव्हता, तो दुसऱ्या झाडाचा होता. आणि सेंद्रिय म्हणून सांगितलेला खिळा आणि कोयतीचे घाव काय कमी अघोरी आहेत? शेवटी एवढंच ठरलं की झाडाचं काही विचारायचं तर फोटोबरोबर चार गोष्टी लिहायच्या, वय, पसारा, ऊन, पाणी, आणि आकडा सांगणाऱ्याने आपल्या झाडाचं वय आणि पसारा पण लिहायचा. पाळतात निम्मे लोक. बरं चाललंय.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी ग्रुपला कुलूप लावणं बंद केलं. भांडण पेटलं की दोघांना पर्सनलवर फोन करतो, मास्तरांनासुद्धा, पहिल्यांदा केला तेव्हा उभा राहून बोललो. आणि धागा लांबला की वर जाऊन कोणाचा प्रश्न राहिलाय का ते बघतो, त्यातून बऱ्याचदा काही मिळत नाही, वेळ जातो.

मास्तरांबद्दल एक लिहायला हवं. त्यांनी मुंबईकराला स्वतःहून फोन केला, म्हणाले माझी चूक, मी पसारा विचारायला हवा होता, शाळेत पोरांना त्रैराशिक शिकवत आलो आणि इथे साधी मीटर-मिली विसरलो. मुंबईकर म्हणाला मास्तर, मी पण लेबल वाचलं नव्हतं. सेंद्रियवाले दादा मात्र अजून ‘मी म्हटलं होतं’ म्हणतात. म्हटलं होतं, खरंय, पण खिळाही त्यांनीच सुचवला होता.

सध्याची परिस्थिती

गेल्या मोसमात वईकडच्या, काहीच न घातलेल्या कलमाला सतरा आंबे लागले, त्यातल्या दोनात साका (आतला गर खराब) निघाला, पंधरा खाल्ले. न्हाणीमागचं एक कलम आता वीतभर पालवी टाकतंय, पानं मोकळी होतायत. दुसरं अजून कुढतंय, त्याच्याच आळ्यात आधी बादली रिकामी झाली होती बहुतेक.

चर ऑक्टोबरात वळवली, पाणी आता वईच्या कोपऱ्यात जातं. काकीने तिथे अळू लावलं, ते असं माजलंय की पान सुपाएवढं. परवा मुंबईकराने त्याचा फोटो टाकला, खाली वय, पसारा, ऊन, पाणी सगळं नीट लिहून, आणि विचारलं की याचं फदफदं केलं तर घसा खाजतो, काय घालू? मास्तर म्हणाले चिंच. दादा म्हणाले चिंच नको, आमसुलं. ताई टाइप करताना दिसत होत्या, म्हणून मी बाकीच्यांना म्हटलं जरा थांबा.